मार्व्हलचा ड्रॅक्युला: किती वेळा मेला, किती वेळा उठला? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

‘द टूम ऑफ ड्रॅक्युला’ ही मार्व्हल या अमेरिकी कंपनीची १९७२ ते १९७९ मधली सत्तर अंकांची कॉमिक मालिका वाचायला घेतलेले लोक पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. कथेतले धक्के जपायचे असतील तर ७०व्या अंकाबद्दलचा प्रश्न तूर्त सोडून द्या.

हा ड्रॅक्युला म्हणजे कादंबरीतलाच ना?

हो. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या कादंबरीतलाच काउंट. मार्व्हलने तीच कादंबरी घडून गेलेली घटना म्हणून धरली आणि गोष्ट तिथून पुढे विसाव्या शतकात आणली. कादंबरीच्या शेवटी ड्रॅक्युलाशी लढलेल्या जोनाथन आणि मीना हार्करला मुलगा होतो आणि त्याचं नाव क्विन्सी ठेवतात, एवढाच उल्लेख येतो. मार्व्हलच्या मालिकेत हाच क्विन्सी म्हातारा होऊन चाकांच्या खुर्चीत बसलेला भेटतो. कादंबरीत ड्रॅक्युलाचा पाठलाग करणाऱ्या व्हॅन हेल्सिंगच्या घराण्यातली रेचल भेटते. नाव बदलून ‘ड्रेक’ झालेला ड्रॅक्युलाचा वंशज फ्रँकही भेटतो. पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं भांडण पुढच्या पिढ्यांनी चालू ठेवलंय, असा सगळा मामला.

मार्व्हल कंपनी त्याआधीपासून होती. मग ड्रॅक्युला यायला १९७२ का उजाडलं?

कारण त्याआधी अमेरिकेत व्हँपायर छापायला बंदीच होती. सरकारची नाही, प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेली.

१९५०च्या सुमारास अमेरिकेत भयकॉमिक्सचं अमाप पीक आलं होतं. ईसी नावाची कंपनी त्यात सगळ्यात पुढे. कापलेली मुंडकी, थडग्यातून वर येणारे हात, असला माल मुलं दहा-दहा सेंटला विकत घेत होती. मग फ्रेड्रिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं पुस्तकच लिहिलं, आणि १९५४च्या एप्रिलमध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने सुनावणी घेतली. ईसीचा मालक विल्यम गेन्स स्वतःहून साक्षीला गेला आणि आपल्याच धंद्याचं नुकसान करून आला. सरकारने कायदा करण्याआधीच प्रकाशकांनी त्याच वर्षी ‘कॉमिक्स कोड’ तयार केला. चालती प्रेतं, व्हँपायर, नरभक्षक, माणसाचा लांडगा होणं, सगळं बाद. मुखपृष्ठावर कोडचा शिक्का नसेल तर वितरक अंक उचलत नसत आणि दुकानदार मांडत नसत. शिक्का नाही म्हणजे विक्री नाही, इतकं सोपं गणित.

पळवाट एकच होती. कोड कॉमिक पुस्तकांना लागू होता, मोठ्या आकाराच्या काळ्या-पांढऱ्या मासिकांना नाही. वॉरन कंपनीने १९६४ पासून ‘क्रीपी’, मग ‘ईरी’, १९६९ला ‘व्हँपिरेला’ काढून त्या वाटेने भरपूर धंदा केला. मार्व्हल हे सगळं बघत होती.

जानेवारी १९७१मध्ये कोड सैल झाला. व्हँपायर, वेअरवुल्फ वगैरे चालतील, पण ‘अभिजात परंपरेला’ धरून असले तर. उदाहरणादाखल फ्रँकेनस्टाइन, ड्रॅक्युला, एडगर अॅलन पो, कॉनन डॉयल यांची नावं थेट नियमातच घातली होती. जगभरच्या शाळांतून वाचलं जाणारं साहित्य, म्हणून सूट! ज्या काउंटला सतरा वर्षं दाराबाहेर ठेवला त्याला आत घेताना मंडळींनी त्याचं शालेय प्रमाणपत्र बघितलं, हे मला फार गमतीचं वाटतं.

मग झाँबीचं काय?

झाँबीला थोर लेखक मिळाला नव्हता, म्हणून त्याला प्रवेश नाही. मार्व्हलने त्यावर ‘झुव्हेम्बी’ असा शब्द वापरून वेळ मारून नेली. तो रॉबर्ट हॉवर्डच्या एका जुन्या कथेतून उचललेला होता. चित्रात दिसायचा तोच सडका मुडदा, फक्त नाव वेगळं.

मार्व्हलचा पहिला व्हँपायर ड्रॅक्युलाच का?

नाही, मॉर्बियस. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चा १०१वा अंक, ऑक्टोबर १९७१. पण तो शास्त्रज्ञ, स्वतःच्या रक्तविकारावर उपाय शोधताना तसा झालेला. म्हणजे मेलेला नाहीच, ‘जिवंत व्हँपायर’. कोड सैल झाल्यावर पाण्यात आधी बोट घालून बघावं, तसा तो प्रकार होता.

ड्रॅक्युलाचे हक्क मार्व्हलने कुणाकडून घेतले?

कुणाकडूनच नाही. अमेरिकेत ती कादंबरी केव्हाच सार्वजनिक मालकीची झालेली होती. म्हणूनच मार्व्हलच्या आधी डेल कंपनीनेही १९६६मध्ये ‘ड्रॅक्युला’ काढला होता, आणि तो चक्क सुपरहीरो होता! काउंटचा वंशज, वटवाघळांवर संशोधन, अंगाला चिकटलेला पोशाख. तीन अंकांत खेळ आटोपला. कुठे मिळाला तर जरूर बघा, वाचलाच पाहिजे असं नाही.

पहिल्या अंकात काय आहे?

एप्रिल १९७२चा अंक, किंमत २० सेंट, मुखपृष्ठ नील अॅडम्सचं. पैसे उधळून कंगाल झालेला फ्रँक ड्रेक आपल्या मैत्रिणीला, जीनला, आणि क्लिफ्टन ग्रेव्हज नावाच्या मित्राला घेऊन ट्रान्सिल्व्हेनियातल्या वाडवडिलांच्या किल्ल्यावर जातो. त्यातून चार पैसे सुटतील ही आशा. क्लिफ्टन तळघराच्या खड्ड्यात पडतो, तिथे शवपेटी सापडते. आत सांगाडा, आणि सांगाड्याच्या बरगड्यांत ठोकलेला लाकडी खुंट. हा भला माणूस तो खुंट उपटून काढतो. पुढचे ६९ अंक त्या एका उचापतीचे परिणाम आहेत.

तो चेहरा कुणाचा? ओळखीचा वाटतो.

जॅक पॅलन्स या अभिनेत्याचा. आणि तो तिथे कसा आला ही या मालिकेतली मला सगळ्यात आवडणारी हकीकत आहे.

जीन कोलन तेव्हा मार्व्हलचा मुरलेला चित्रकार होता. डेअरडेव्हिल, आयर्न मॅन, डॉक्टर स्ट्रेंज हे सगळं त्याने काढलेलं. ड्रॅक्युलाची मालिका येतेय म्हटल्यावर त्याने मार्व्हलचा संपादक स्टॅन ली याच्याकडे ती मागितली. ली हो म्हणाला, आणि नंतर कळलं की काम बिल एव्हरेटला द्यायचं ठरलंय. एव्हरेट म्हणजे नेमॉर हा समुद्रातला नायक काढणारा, कोलनपेक्षा ज्येष्ठ माणूस. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. कोलनने घरी बसून ड्रॅक्युलाच्या चित्रांचं एक अख्खं पान तयार केलं आणि पाठवून दिलं. दूरचित्रवाणीवरच्या जेकिल आणि हाइडच्या नाट्यात त्याने पॅलन्सला पाहिलं होतं. ती उंच गालफडं, खोल डोळे, कधीही दात विचकेल असा चेहरा त्याच्या डोक्यात बसला होता. ते पान बघून लीने काम त्याला दिलं.

पुढे १९७४मध्ये दूरचित्रवाणीवर ड्रॅक्युलाचा एक चित्रपट आला, त्यात ड्रॅक्युलाचं काम केलं खुद्द जॅक पॅलन्सने. कोलनने दोन वर्षं आधीच पात्रयोजना करून ठेवली होती म्हणायची.

कोलनची पेन्सिल शाईवाल्यांना, म्हणजे पेन्सिलच्या चित्रावर छपाईसाठी शाई फिरवणाऱ्यांना, नकोशी वाटायची. तो कडक रेघा मारायचाच नाही. पेन्सिल आडवी धरून करड्या छटा, धुकं, अर्धवट उजेड असं रंगवायचा. छापखान्याला लागते शुद्ध काळी शाई. हे धुकं शाईत कसं उतरवायचं? बहुतेकांनी रेघांनी घेरून चित्राचा जीव घेतला. टॉम पामर वेगळा निघाला. तो मुळात रंगकाम शिकलेला होता. कुठे कोरडा कुंचला ओढायचा, कुठे ठिपक्यांची छापील फिल्म कापून चिकटवायची, आणि अनेक अंकांचे रंगही स्वतःच ठरवायचा. त्यामुळे स्वस्त कागदावर छापलेल्या या कॉमिकमध्ये रात्र खरोखर रात्रीसारखी दिसते. ड्रॅक्युला धुक्यातून माणूस होतानाची कुठलीही चौकट बघा: पाय अजून वाफ आहेत, चेहरा तेवढा झालेला आहे, आणि या दोहोंत रेघ कुठेच नाही.

सत्तरच्या सत्तर अंकांचं पेन्सिलकाम एकट्या कोलनचं. मासिक कॉमिकच्या धंद्यात ही दुर्मीळ गोष्ट आहे.

पहिले सहा अंक विस्कळीत का वाटतात?

विस्कळीतच आहेत. पहिले दोन जेरी कॉनवेचे, तिसरा-चौथा आर्ची गुडविनचा, पाचवा-सहावा गार्डनर फॉक्सचा. तिघेही तालेवार लेखक, पण सहा अंकांत तीन लेखक म्हणजे दर वेळी नवी गोष्ट सुरू झाल्यासारखी. गुडविनने तिसऱ्या अंकात रेचल व्हॅन हेल्सिंग आणि तिचा साथीदार ताज आणले, ती त्यातली जमेची बाजू. चित्रांसाठी चाळा. लेखक ठरल्याशिवाय मालिका ठरत नाही, हे सातव्या अंकाला कळतं.

सातव्या अंकात काय होतं?

मार्च १९७३. मार्व्ह वुल्फमन येतो आणि शेवटच्या अंकापर्यंत, म्हणजे ६४ अंक, हलत नाही.

या आडनावावरून एक किस्सा सांगतात. कोडच्या जमान्यात डीसी या दुसऱ्या कॉमिक कंपनीच्या एका भयकथेत ‘वुल्फमन’ने ही गोष्ट सांगितली असा उल्लेख होता. कोडवाले म्हणाले, लांडगामाणूस चालणार नाही. संपादक म्हणाले, अहो, लेखकाचं नावच ते आहे! मग श्रेयनामावलीत नाव छापा म्हणजे वाचकांचा गैरसमज होणार नाही, असा तोडगा निघाला.

वुल्फमनने केलेला मोठा बदल असा की त्याने ड्रॅक्युलाला खलनायकच ठेवला आणि तरीही मालिकेचा नायक केला. ऐकायला सोपं वाटतं. शीर्षकात ज्याचं नाव त्याला हळूहळू भला करत नेणं ही कॉमिक्सवाल्यांची जुनी खोड. इथला काउंट अंकागणिक निरपराध माणसं मारतो. गर्विष्ठ आहे, बायकांना तुच्छ लेखतो, स्वतःला राजा समजतो. आणि मध्येच एखाद्या मरत्या बाईशी असं काही बोलतो की आपण गप्प होतो.

दुसरं म्हणजे त्याने शिकाऱ्यांना आयुष्य दिलं. सातव्या अंकात क्विन्सी हार्कर येतो. त्याच्या खुर्चीत विषारी बाण, जाळी अशी सगळी आयुधं लपवलेली. सोबत सेंट नावाचा कुत्रा. तरुणपणापासून या एकाच शत्रूच्या मागे लागलेला माणूस. बाराव्या अंकात त्याची मुलगी एडिथ ड्रॅक्युलापायी जाते. मालिकेतलं कुठलंही द्वंद्वयुद्ध घ्या, म्हातारा एकटा बसलाय आणि ड्रॅक्युला खिडकीत उभा राहून त्याच्याशी बोलतोय या प्रसंगांइतकं ते रंगत नाही. दोघांनाही एकमेकांशिवाय फारसं कुणी उरलेलं नाही.

बॉस्टनचा भाग तर कळसच. ड्रॅक्युला एका सैतानपूजक पंथात घुसतो, त्यांना तो साक्षात सैतान वाटतो. पंथाचा पुढारी अँटन लुपेस्की त्याचं लग्न डॉमिनी नावाच्या मुलीशी लावतो. ड्रॅक्युला तिच्यावर खरंच जीव लावतो, हे त्याला स्वतःलाही पटत नाही. ५४व्या अंकात नाताळच्या रात्री त्यांना मुलगा होतो, जेनस. पंथाच्या देवळात ख्रिस्ताची एक तसबीर टांगलेली आहे आणि ड्रॅक्युलाला ती काढवत नाही. कोलन ती तसबीर अनेक पानांवर कोपऱ्यात ठेवतो. तिच्यावर कुणी बोलत नाही, काउंट फक्त नजर चुकवतो. सुपरहीरो छापणाऱ्या कंपनीच्या मासिकात हे येत होतं, हे लक्षात घ्या.

आणि हे सगळं चालू असताना हॅरल्ड एच. हॅरल्ड नावाचा एक फुटकळ लेखक मध्ये कडमडतो. त्याला व्हँपायरवर गोष्ट लिहायची आहे आणि समोर खरा व्हँपायर उभा. वुल्फमनने स्वतःच्याच धंद्याची केलेली ही टिंगल काही वाचकांना खटकते. मला विचाराल तर तेवढा श्वास घ्यायला जागा हवीच होती.

यात एक भारतीय पात्र आहे म्हणे?

ताज निताल. धिप्पाड, फेटेवाला, मुका. ड्रॅक्युलाशी झालेल्या झटापटीत त्याचा आवाज गेलेला, आणि त्याच्या मुलालाही पिशाचबाधा झालेली. सुरुवातीला तो रेचलचा पाठीराखा म्हणून फक्त दारं तोडायला असतो. तगडा पण न बोलणारा पौर्वात्य सेवक हा जुन्या इंग्रजी साहसकथांतला साचा, आणि १९७२ साली कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. वुल्फमनने पुढे त्याला भारतात परत पाठवून बायको-मुलाची गोष्ट दिली, तेव्हा कुठे तो माणूस झाला. तिथला भारत मात्र अमेरिकेत बसून कल्पिलेला भारत आहे. गाव कुठलं, भाषा कुठली, असले प्रश्न विचारू नका.

व्हँपायरांचा शिकारी ब्लेड इथलाच का?

इथलाच. दहावा अंक, जुलै १९७३. हिरवं जॅकेट, मोठा चष्मा, छातीवरच्या पट्ट्यात लाकडी सुऱ्या. त्याची आई बाळंत होत असताना व्हँपायर तिला चावला, त्यामुळे ब्लेडवर चाव्याचा परिणाम होत नाही, इतकंच त्याचं वैशिष्ट्य. १९९८च्या ‘ब्लेड’ सिनेमातली अर्ध-व्हँपायरची ताकद मूळ कॉमिकमध्ये नव्हती. सिनेमा गाजल्यावर १९९९मध्ये कॉमिकमधल्या ब्लेडला मॉर्बियसकडून चाववून घेतलं आणि दोन्हींचा मेळ घातला. २५व्या अंकातला हॅनिबल किंग, म्हणजे माणसाचं रक्त न पिणारा व्हँपायर गुप्तहेर, हाही याच जोडीचा.

स्पायडर-मॅन किंवा अॅव्हेंजर्सशी ड्रॅक्युलाची गाठ का पडत नाही?

वुल्फमनने मुद्दाम पडू दिली नाही. आकाशात उडणारे लोक आले की भीती संपते. तरी विक्रीसाठी थोडी तडजोड झालीच: ‘वेअरवुल्फ बाय नाइट’बरोबर एक जोडकथा, ४४व्या अंकात डॉक्टर स्ट्रेंज, ५०व्यात सिल्व्हर सर्फर. १९७४च्या ‘जायंट-साइझ स्पायडर-मॅन’मध्ये तर ड्रॅक्युला आणि स्पायडी एकाच जहाजावर आहेत आणि एकमेकांना ओळखतच नाहीत! मुखपृष्ठ बघून अंक घेतलेल्या पोरांचं काय झालं असेल कोण जाणे.

‘ड्रॅक्युला लिव्ह्ज’ वेगळी मालिका आहे का?

हो. १९७३ ते १९७५, तेरा अंक, मोठ्या आकाराचं काळं-पांढरं मासिक, त्यामुळे कोडची कटकट नाही. त्यात वेगवेगळ्या शतकांतल्या सुट्या कथा येत. त्याच दरम्यान ‘जायंट-साइझ’ जाड अंकही निघत होते. ड्रॅक्युलाची मुलगी लिलिथ १९७४च्या अशाच एका अंकात आली. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर १९७४पासून ‘ड्रॅक्युला लिव्ह्ज’ याच नावाचं साप्ताहिक सुरू झालं, ते मुख्यतः पुनर्मुद्रण. नावं सारखी असल्यामुळे जुने अंक विकत घेताना देश आणि साल तपासा.

या मासिकातली जपून ठेवावी अशी गोष्ट म्हणजे स्टोकरच्या कादंबरीचं क्रमशः रूपांतर: लेखन रॉय थॉमस, चित्रं डिक जिओर्डानो. १९७४मध्ये सुरू झालं, १९७५मध्ये मासिक बंद पडलं, कादंबरी अर्ध्यावर राहिली. आणि २००४-०५मध्ये त्याच दोघांनी उरलेला भाग पुरा केला. मध्ये जवळजवळ तीस वर्षं गेली. जिओर्डानोचा हात म्हातारा झाला होता, रेघ थोडी बदललेली दिसते, पण सांधा कुठे आहे ते शोधायला लागतं.

एवढी चांगली मालिका बंद का केली?

भयकॉमिक्सची लाट १९७५लाच ओसरायला लागली होती. मार्व्हलचं फ्रँकेनस्टाइन त्याच वर्षी गेलं, ‘वेअरवुल्फ बाय नाइट’ १९७७मध्ये. ड्रॅक्युला त्यांच्यापेक्षा टिकला तो वाचकांच्या प्रेमावर. शेवटी १९७९मध्ये मुख्य संपादक जिम शूटरने गाशा गुंडाळायला सांगितलं. वुल्फमन आणि कोलनने आणखी तीन अंकांचा शेवट मनाशी बांधलेला होता. तो एका जाड अंकात कोंबावा लागला. ऑगस्ट १९७९चा ७०वा अंक घाईचा वाटतो त्याचं कारण हे.

७०व्या अंकात तो खरंच मरतो?

*(इथे शेवट फुटतो.)*

मरतो. क्विन्सी हार्कर किल्ल्यावर एकटा जातो, खुर्चीच्या चाकाची चांदीची काडी ड्रॅक्युलाच्या छातीत खुपसतो आणि खुर्चीत भरून आणलेल्या स्फोटकांनी किल्ल्यासकट स्वतःलाही उडवून देतो. मेलेल्या शत्रूशेजारी बसून म्हातारा स्फोटाची वाट बघतो, ते पान घाईतल्या अंकातही कोलनने सावकाश काढलंय.

मग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परत कसा आला?

कारण मार्व्हलला त्याच नावाचं काळं-पांढरं मासिक काढायचं होतं. हार्करच्या बलिदानाला तीन महिने पुरे झाले नाहीत. ते मासिकही सहा अंकांत, ऑगस्ट १९८०मध्ये संपलं. थोडक्यात, या पात्राला छातीतल्या खुंटापेक्षा विक्रीच्या आकड्यांनी जास्त वेळा मारलंय आणि उठवलंयही त्यांनीच.

दरम्यान वुल्फमन डीसीकडे गेला, कोलनही मागोमाग गेला, आणि ड्रॅक्युला बेवारस झाला.

१९८३मध्ये सगळेच व्हँपायर मेले, ते काय प्रकरण?

त्याआधी तो इतरांच्या मालिकांत पाहुणा म्हणून फिरत होता. १९८२मध्ये ‘एक्स-मेन’मध्ये स्टॉर्म या नायिकेला चावला. त्याच वर्षीच्या एक्स-मेन वार्षिकात रेचल व्हॅन हेल्सिंगचा शेवट झाला, तोही व्हँपायर होऊन. ही गोष्ट मूळ मालिकेच्या वाचकांना अजून पचलेली नाही, मलाही नाही. मग ‘डॉक्टर स्ट्रेंज’च्या ५९ ते ६२ अंकांत रॉजर स्टर्नने ‘माँटेसी मंत्र’ आणला. डार्कहोल्ड ग्रंथातला तो मंत्र म्हटला आणि पृथ्वीवरचे सगळे व्हँपायर एकजात नष्ट. डिसेंबर १९८३.

कथा म्हणून ते चार अंक उत्तम आहेत. पण एका अख्ख्या जातीला कायमचं मारून टाकल्यावर पुढच्या लेखकांना मंत्र उलटवायचं काम लागलं. १९९०च्या सुमारास डॉक्टर स्ट्रेंजच्याच नव्या मालिकेत ते उरकलं गेलं.

वुल्फमन आणि कोलन पुन्हा ड्रॅक्युलाकडे आले का?

दोनदा. १९९१-९२मध्ये मार्व्हलच्याच एपिक शाखेसाठी चार भाग केले, शाई अल विल्यमसनची. १९९८मध्ये डार्क हॉर्स कंपनीसाठी ‘द कर्स ऑफ ड्रॅक्युला’चे तीन भाग केले. नाव तेच, जोडी तीच, पण तो मार्व्हलचा ड्रॅक्युला नाही. काउंट सगळ्यांचा असला तरी हार्करची खुर्ची, ब्लेड, डॉमिनी ही मार्व्हलची मालमत्ता.

ब्लेडवरून खटला झाला होता तो हाच का?

हाच. १९९८मध्ये ‘ब्लेड’ सिनेमा चालला. आपण तेव्हा कंत्राटाशिवाय मुक्त लेखक म्हणून काम केलं होतं, तेव्हा पात्रं आपली, असा वुल्फमनचा दावा होता. २००० साली निकाल मार्व्हलच्या बाजूने लागला. ज्या काउंटला कुणाचीच परवानगी लागली नाही त्याच्याच मालिकेतल्या पात्रावरून कोर्टकचेरी व्हावी!

ड्रॅक्युलावर सिनेमा नाही का?

मार्व्हलच्या ड्रॅक्युलावर आहे, आणि तो जपानी आहे. तोएई कंपनीने १९८०मध्ये या कॉमिकवरून टीव्हीसाठी अॅनिमेशनपट केला. सत्तर अंकांची गोष्ट दीड तासात, त्यामुळे डॉमिनी येते कधी आणि मूल होतं कधी ते कळायच्या आत शेवट. एक दृश्य मात्र चाहते एकमेकांना आवर्जून दाखवतात: शक्ती गमावलेला, भुकेला काउंट हॅम्बर्गर खातोय. २००४च्या तिसऱ्या ‘ब्लेड’ सिनेमातही ड्रॅक्युला आहे, ‘ड्रेक’ या नावाने. त्याबद्दल न बोललेलं बरं.

अलीकडचं काय वाचण्यासारखं आहे?

२००९ची ‘कॅप्टन ब्रिटन अँड एमआय१३’मधली पॉल कॉर्नेलची कथा. ड्रॅक्युला चंद्रावर तळ ठोकून इंग्लंडवर स्वारी करतो. वाचताना वेडेपणा वाटतो, पण गर्विष्ठ राजा म्हणून तो इथे वुल्फमनच्या काउंटशी इमान राखतो. २०१०च्या एक्स-मेन कथेत त्याचाच मुलगा त्याला मारतो आणि एक्स-मेन त्याला पुन्हा उठवतात. तिथे त्याला पांढऱ्या केसांचं आणि लाल चिलखताचं नवं रूप दिलं, ते मला अजिबात पटलेलं नाही. त्यानंतर ‘अॅव्हेंजर्स’मध्ये तो चेर्नोबिलमध्ये व्हँपायरांचं राज्य थाटतो, आणि २०२४च्या ‘ब्लड हंट’मध्येही आहे.

अंकावरचा महिना आणि प्रत्यक्ष विक्रीचा महिना जुळत का नाही?

अमेरिकी कॉमिक्सवर पुढचा महिना छापायची पद्धत होती, म्हणजे दुकानदार अंक लवकर परत पाठवत नसे. वर दिलेले महिने मुखपृष्ठावरचे आहेत. प्रत्यक्षात अंक दोन-तीन महिने आधीच बाजारात यायचे.

सुरुवात कुठून करू?

पहिला अंक वाचा, दोन ते सहा चाळा, सातपासून नीट वाचा. तेवढाही धीर नसेल तर दहावा आणि बारावा घ्या, मग बॉस्टनचा भाग सलग. ‘इसेन्शियल’ नावाचे चार जाड खंड काळे-पांढरे आहेत, स्वस्त कागदावर. पुस्तकवेडे लोक रंगीत ‘ऑम्निबस’च्या मागे धावतात, पण कोलनची पेन्सिल आणि पामरची शाई काळ्या-पांढऱ्यात जास्त उघडी दिसते. जुन्या पुस्तकांच्या दुकानात एखादा खंड हाती लागला तर आधी बांधणी बघून घ्या. फार जाड असल्यामुळे मधली पानं सुटतात, आणि सुटलेलं पान नेमकं ५४व्या अंकातलं असलं तर पैसे पाण्यात.